सरांची पाठ

गणिताच्या सरांनी रविवारी सायकलचे मागचे मडगार्ड काढून टाकले, कारण ते खडखडत होते.

"अहो, पाऊस आला म्हणजे?" बायकोने विचारले.

"पाऊस वरून येतो. मडगार्ड खाली असतं. त्याचा उपयोग काय, तूच सांग."

बायकोने ते मडगार्ड उचलले आणि स्वयंपाकघराच्या गळक्या खिडकीवर पन्हळ म्हणून तारेने बांधून टाकले.

सोमवारी पाऊस पहाटेच थांबला. आकाश स्वच्छ, रस्ते ओले. त्या दिवशी तपासणीचे साहेब सरांच्या तासाला बसणार होते. तीन वर्षं हंगामी असलेल्या सरांना कायम करायचे की घरी पाठवायचे, हे त्यावर ठरणार होते. सरांनी पांढराशुभ्र शर्ट घातला. वाटेतली डबकी चुकवण्याची त्यांना गरज वाटली नाही. पाऊस तर थांबलाच होता. शाळेत पोचल्यावर त्यांनी पुढून स्वतःकडे पाहिले आणि समाधानाने मान हलवली.

"सर," शिपाईमामा धावत आले, "साहेब आलेत. त्यांना तुमची पाठ बघायचीय."

साहेब म्हणाले होते, 'पाठ बघायचा आहे', म्हणजे धडा. मामांनी आपल्याला समजला तसा निरोप आणला आणि आधी स्वतःच सरांना वळवून पाहिले.

"अरे देवा! सर, हे काय काढून आणलंत?"

कमरेपासून कॉलरपर्यंत चिखलाची रेघ गेली होती. गणिताच्या दृष्टीने ती अगदी सरळ होती.

मामांनी ओल्या फडक्याने पुसले. रेघेचा पट्टा झाला. पट्ट्यावर खडूची पूड चोळली. गिलावा झाला.

"आता पांढरं दिसतंय का?"

"पांढरं नाही. भिंतीसारखं दिसतंय."

"मग आता काय करू?"

"मग भिंतीलाच चिकटून राहा की."

घंटा झाली. साहेब वही उघडून शेवटच्या बाकावर बसले. धडा वर्तुळाचा होता. सर फळ्याला टेकून उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आले, की फळा मागे आहे.

"आज मी काही लिहिणार नाही," ते म्हणाले. "कोण येतंय फळ्यावर?"

मुले एकेक करून आली. त्यांनी काय लिहिले, हेही सरांना वळून पाहता येईना. ते वर्गालाच विचारू लागले, "बरोबर आहे का?" अर्धा वर्ग हो म्हणे, अर्धा नाही म्हणे, आणि दोन्ही अर्धे एकमेकांना समजावू लागत. साहेब भराभर लिहीत होते.

"सर, एखादं वर्तुळ तुम्हीही काढा ना," मध्येच ते म्हणाले.

सरांनी खडू घेतला, हात मागे नेला आणि समोर पाहून हसत वर्तुळ काढले.

"सर, हा बटाटा आहे," दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली.

"कशावरून?" सरांना दुसरे काही सुचले नाही.

"मधल्या बिंदूपासून अंतर सगळीकडे सारखं कुठाय?"

"शाब्बास! हेच हवं होतं मला." आणि ते खरेच होते, नुकतेच झालेले.

साहेबांनी शेरा लिहिला: 'या शिक्षकाने तासभरात एकदाही मुलांकडे पाठ फिरवली नाही.' नोकरी कायम झाली.

संध्याकाळी बायकोने शर्ट उजेडात धरला.

"पाऊस वरूनच येतो ना?"

"ते मडगार्ड दे इकडे."

"माझ्या पन्हळीला हात लावायचा नाही. नवीन आणा."

सरांनी नवीन आणले. ते खडखडतही नाही.

मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र तो शेरा मोठ्या अक्षरांत शिक्षकांच्या खोलीत लावला. यापुढे सर्वांनी असेच शिकवायचे. भूगोलाच्या बाई हात मागे नेऊन नकाशे काढतात आणि रोज एखादे बेट वाढते. सरांच्या शर्टावर आता कितीही पावसात चिखलाचा थेंब उडत नाही. पाठ कोरी, इस्त्रीची घडी जागच्या जागी. फक्त शाळेत ती कुणाला दाखवायची सोय उरलेली नाही.