नाताळचा मामा

आमच्या शेजारचे आप्पा खोली भाड्याने देण्याआधी माणसाला एकच प्रश्न विचारतात, "पोराचा मामा कोण?"

आधार कार्ड नको, कंपनीचं पत्र नको. शिरूरच्या बाहेर नगर रस्त्याला आप्पांचं झेंडूचं शेत आहे आणि बांधाला लागून पत्र्याच्या पाच-सहा खोल्या. एमआयडीसीत कामाला आलेली बिहार, ओडिशा, झारखंडची बिऱ्हाडं तिथे राहतात. दोन दिवसांचा प्रवास करून आलेला माणूस पाठीवर बोचकं घेऊन ताटकळत उभा असतो, आणि हे गृहस्थ त्याच्या मेव्हण्याची चौकशी करत असतात.

आप्पांचं म्हणणं, मामाशिवाय कार्य होत नाही. जावळ काढायचं तर मामाची मांडी लागते, कान टोचायला मामा लागतो, लग्नात नवरीच्या मागे मामाच उभा राहतो. खरा मामा गावी राहिला असेल तर आप्पा इथलाच एखादा नेमून देतात. पिठाच्या गिरणीचा बबन असा कितीतरी बिहारी पोरांचा मामा झालाय. एकदा ओडिशाच्या एका मुलीचे कान टोचताना तिला माझ्या मांडीवर बसवलं. तिने माझी विजार भिजवली, तर आप्पा मलाच म्हणाले, "भाची हाय, चालायचंच." स्वतः मात्र ते कधी कुणाचे मामा झाले नाहीत. विचारलं की आपलं काम नेमायचं, एवढं बोलून गोठ्याकडे निघून जात.

गेल्या डिसेंबरात त्यांच्या कोपऱ्यातल्या खोलीत रडारड झाली. झारखंडचे अनूप आणि सरिता तिथे राहतात, चार वर्षांची जेनी त्यांची मुलगी. नाताळला दरवर्षी ते गावी जातात. या वेळी दौंडहून गाडी होती, तिकीट वेटिंगवर. टीसीने चढू दिलं नाही आणि तिघं बॅगांसकट एसटीने परत आली. जेनी पायरीवर बसून हुंदके देत होती. ही पोर इथेच वाढली, त्यामुळे तिची मराठी माझ्या बायकोपेक्षा ठसकेबाज आहे. तिने आप्पांना सगळं समजावून सांगितलं. गावी तिचा मामा लाल कपडे घालतो, कापसाची दाढी लावतो आणि पोतंभर खाऊ आणतो. शेवटी नाक पुसून म्हणाली, "मामा न्हाई तर नाताळ न्हाई."

आप्पांचा चेहरा उजळला. एका अख्ख्या धर्माने आपलं म्हणणं मान्य केल्यासारखे ते माझ्याकडे बघत होते.

त्यानंतर आप्पांना कोण आवरणार? जन्म आहे म्हटल्यावर पाळणा हवा, म्हणून आमच्या माळ्यावरचा पाळणा मला न विचारता खाली आला. सुंठवडा कुटून झाला. अनूपने चाचरत सांगून पाहिलं की जन्म मध्यरात्री असतो. आप्पांनी तो दुपारी बारावर आणला. "लेकरं रात्री पेंगत्यात. रामाचा दुपारी हुतो, ह्याचाबी दुपारी घेऊ." सुरूचं झाड कुठे मिळेना, तेव्हा पाच ऊस उभे करून बांधले आणि वर झेंडूच्या माळा सोडल्या. हे ख्रिसमस ट्री संध्याकाळपर्यंत पोरांनी सोलून खाल्लं, ती गोष्ट वेगळी. बेकरीवाल्याने केकवर किती मेणबत्त्या लावू म्हणून विचारलं, तेव्हा आप्पा जरा विचारात पडले आणि एकच घेऊन आले.

अडलं ते मामावर. बबनला दाढी लावून उभा केला, तर जेनी म्हणाली, हा गिरणीवाला आहे, रोजच पांढरा असतो. मग मला उभं केलं. तिने मला खालून वर निरखलं. "ह्यो काका हाय. काका मामा कसा हुईल?" हे तर आप्पांचंच शास्त्र. आळीतल्या प्रत्येक पुरुषाला कुणी ना कुणी काका म्हणतच होतं. शेवटी जेनीने आप्पांकडे बोट दाखवलं. "आप्पा कुणाचंच कुणी न्हाईत. ते मोकळंच हायती."

आप्पा उठून गोठ्यात गेले. नंतर कितीही हाका मारल्या, तरी बाहेर आले नाहीत.

नाताळच्या दुपारी बायकांनी पाळणा म्हटला, जेनीची बाहुली झोपवली, सुंठवडा वाटला. जेनीने केकला हात लावला नाही. रस्त्याकडे तोंड करून बसून राहिली. इतक्या धामधुमीनंतर ते एवढंसं झालेलं तोंड बघवत नव्हतं.

तेवढ्यात गोठ्यात म्हैस ओरडली आणि दावं तोडून पळाली. तिच्या मागून आप्पा आले. त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या काकूंचं, लाल लुगडं धोतरासारखं नेसलेलं, डोक्याला लाल फेटा, गादीतला कापूस सुतळीने कानाला बांधलेला, खांद्यावर रेवड्यांचं पोतं.

जेनीने बघितलं. "आला मामा," एवढंच म्हणाली आणि केक खायला बसली.

आम्ही हसून लोळत होतो, तोवर सरिता खोलीतून ताट घेऊन आली. दिवाळीत आमच्या घरची भाऊबीज तिने दारात उभं राहून पाहिली होती. निरांजन नव्हतं, म्हणून केकवरची मेणबत्ती ताटात पेटवून ठेवली होती. तिने पाट मांडला. "दादा, बसा," म्हणाली.

आप्पा उभेच राहिले. पाच भावांत त्यांना बहीण नाही. भाऊबीजेच्या पाटावर हा माणूस कधी बसलेलाच नाही, हे इतकी वर्षं शेजारी राहून मला जाणवलं नव्हतं.

मग ते बसले. कापसाच्या दाढीपुढून मेणबत्ती फिरत होती आणि अनूप पाण्याची बादली घेऊन मागे उभा होता. ओवाळून झालं. आप्पा ओवाळणीसाठी खिसा चाचपू लागले, पण लुगड्याला खिसा कुठला?

काकू आत गेल्या आणि दुकानाच्या पिशवीतली नवी कोरी साडी घेऊन आल्या. माझ्या बायकोला हळूच म्हणाल्या, "दर दिवाळीला एक आणत्यात. म्हनत्यात, असू दे घरात, कवा लागंल सांगता येत न्हाई."

आप्पांनी साडी ताटात ठेवली. अनूपची बादली भरलेलीच होती, तरी दाढी भिजून गालांना चिकटली होती. सरिता पाया पडायला वाकली, तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो उचलायचं त्यांच्या बराच वेळ लक्षातच आलं नाही.