पहाटे चारला उठणारे आबा

दुसऱ्याच्या चुका काढण्यात अख्ख्या आसेगावात आपला हात धरणारा कोणी नाही, असं नववीतल्या प्रसेनजितचं ठाम मत होतं. त्यामुळे सरांनी वह्यांची अदलाबदल केली आणि "एकमेकांचे निबंध वाचा, उपयोगी सूचना करा, नुसतं 'छान आहे' लिहाल तर खबरदार!" असा दम भरला, तेव्हा गडी हरखलाच! त्याच्या वाट्याला वर्षाराणीचा 'माझे आबा' आला. शनिवारी वर्गातला एकच निबंध वाशीमच्या स्पर्धेला जाणार होता, आणि तो माझाच, असं तिने घरीदारी सांगून ठेवलं होतं.

पहिल्याच ओळीला प्रसेनजित अडला. 'माझे आबा रोज पहाटे चारला उठून शेतात जातात.' रोज? थंडीतही? आता ही शंका वर्षाराणीला विचारायची की नाही! पण हा बहाद्दर वही घेऊन थेट तिच्या अंगणात हजर. ती शिकवणीला गेलेली, आजी तुळसाबाई तूर पाखडत बसलेल्या.

"आजी, आबा रोज चारले उठतात काय?"

"कोन? हे?" सूप थांबलं. "अरे बापा, आठ वाजता हाका मारू मारू माहा घसा बसते!"

आतून बबनराव आबा धोतर सावरत बाहेर आले. "काहून बे, माही चौकशी करून राह्यला?"

"नाई आबा, वर्षाराणीचा निबंध तपासून राह्यलो."

"तिनं लिहिलं म्हंजे खरंच हाय! उद्या चारले वावरात नसलो, तं नावाचा बबनराव नाई!"

आणि गेले की खरंच! पण आठ वाजले तरी चहाला परत येईनात. मोबाईल घरीच. तुळसाबाईंनी आकांत मांडला, अर्धं गाव वावरात धावलं. शेवटी घोरण्याच्या आवाजावरून प्रसेनजितलाच सापडले. तुरीच्या गंजीमागे, गोधडी पांघरून, ढाराढूर!

गावभर हसं झालं. आबांनी बोलणंच टाकलं. वर्षाराणीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तुले निबंध तपासाले सांगतला होता, माहे आबा नाई! आता शनिवारी काय देऊ?"

प्रसेनजितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून तो म्हणाला, "जे झालं तेच लिही ना. चारले उठनारे आबा निबंधात साऱ्यायचेच असतात. नातीचा शब्द खरा कराले थंडीत गेलेले तुह्येच हायत."

वर्षाराणी वही ओढून लिहायलाच बसली.

पण आबांना न विचारता कसा द्यायचा? शुक्रवारी संध्याकाळी तिने तो त्यांच्यासमोर वाचला. प्रसेनजित दाराशी उभा होता, चपला हातात घेऊन, पळायच्या तयारीत!

वाचून झालं. आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा घातला.

"एक चूक हाय."

वर्षाराणीचा चेहरा पडला.

"साडेआठले सापडलो, असं लिहिलं तू. नऊ वाजले होते! वाशीमले जाऊन राह्यला निबंध, तिथं खोटं चालत नाई!"