पहाऱ्याला बारा मिनिटं बाकी

"घड्याळ दुरुस्त करणारे पनवेलमध्ये दहा मिळतील. घड्याळ जन्माला घालणारा एकच!"

असं कमळाकर घरत छातीवर हात ठेवून सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या दहा जणांची घड्याळं चालायची, एवढाच काय तो फरक.

ही २०१३ सालची गोष्ट. कमळाकर दिवसभर जासईच्या एका कंटेनर यार्डात कारकुनी करायचा आणि घरी आला की मागच्या खोलीतल्या टेबलाला चिकटायचा. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पाणबुडे जशी जाडजूड घड्याळं घालून समुद्रात बुड्या मारायचे, हुबेहूब तशा धाटणीची घड्याळं घरी जुळवायची, हा त्याचा छंद. बाहेरची धातूची केस हाँगकाँगहून, मशीन जपानचं, तबकडी आणखी कुठली तरी. पोस्टमन पाकीट घेऊन आला की बारशाचा आनंद! स्वतः कमळाकरला पोहता येत नव्हतं. वडाळे तलावाच्या पायरीवर उभं राहिलं तरी त्याला गरगरायचं. पण घड्याळ हवं दोनशे मीटर खोल जाणारं!

पहिल्या घड्याळाचे दोन्ही काटे भर बारा वाजता माहेरी आलेल्या बहिणींसारखे एकमेकांच्या गळ्यात पडले, ते सुटेचनात. दुसरं, दोनशे मीटर राहू दे, तुळशीला तांब्याभर पाणी घालताना आतून घामाघूम झालं. तिसऱ्याच्या वेळी अंधारात चमकणारा रंग आकड्यांना लावायच्या आत त्याला शिंक आली, आणि त्या संध्याकाळी लाइट गेल्यावर घरात फक्त त्याचं नाक दिसत होतं.

बायको किशोरी सोशिक. पण सेकंदकाटा हरवला त्या सकाळी तिचाही बांध फुटला.

"अहो, पोह्यात मोहरी म्हणून मी काय गिळलं ते देव जाणे! पुरे झालं आता. ते टेबल काढा, तिथे माझी शिलाई मशीन येणार."

"किशोरी, चौथं घड्याळ तयार आहे! हे चालणार!"

"किती दिवस?"

"किती म्हणजे? कायम!"

"कायमचं राहू दे. सात दिवस चालवून दाखवा. बाबांच्या सप्त्यात ठेवा. सातही दिवस बरोबर टाइम दाखवला, तर टेबल तुमचं, परत हात लावणार नाही. नाही दाखवला, तर टेबल भंगारात."

कमळाकरने तिथल्या तिथे टाळी दिली. टाळी देताना हातातला चिमटा उडाला आणि एक स्प्रिंग कायमची नाहीशी झाली, पण ती दुसऱ्या घड्याळाची होती.

आता सप्त्याचं सांगायला हवं. किशोरीचं माहेर उलव्याच्या बाजूला. गावाला विमानतळाच्या जमिनींनी घेरलेलं, चहूकडे डंपर आणि धुरळा; पण हरिनाम सप्ता आला की त्या धुरळ्यालासुद्धा बुक्क्याचा वास येतो. कीर्तन ऐकावं ते तिथे! चाळीस टाळकरी एका ठेक्यात पाऊल उचलायला लागले की देवळाचे खांब डोलतात, आणि ज्याला ताल कळत नाही त्याच्याही डोळ्यांना धार लागते. या सप्त्याचा एकच कडक नियम. सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही. एकाने तासभर गळ्यात वीणा घेऊन नाम घेत उभं राहायचं, तास झाला की दुसऱ्याच्या गळ्यात द्यायची. याला म्हणायचं पहारा. पहाऱ्यावरच्या माणसाने नामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, आणि सप्त्यात एकदाही अभक्ष्य खाल्लेल्याने वीणेला हात लावायचा नाही. यंदा पंचविसावं वर्ष. चोवीस वर्षांत वीणा टेकली नव्हती.

आणि या सगळ्याचे मुख्य म्हणजे चांगोमामा, किशोरीचे वडील, गावाचे दादा. वय अडुसष्ट, गुडघे त्याहून जुने, आवाज मात्र विशीतला.

मामांची एकच डोकेदुखी होती. टाइम! देवळातलं भिंतीवरचं घड्याळ मांडववाल्याने मखमली पडद्यामागे झाकून टाकलेलं, वीणेजवळ मोबाइलला बंदी, आणि पहारेकऱ्यांची रोजची भांडणं. "माजी धा मिन्टं जास्ती झाली!" "तुजी नाय, माजी झाली!"

"मामा, तुमच्या सप्त्याचा टाइम माझ्यावर सोडा!" कमळाकरने पहिल्याच दिवशी घोषणा केली आणि घड्याळ वीणेशेजारच्या चौरंगावर ठेवलं. "हे बघा. काचेभोवती हे कडं आहे ना, ते फिरतं. त्याच्यावर हा त्रिकोण. पहारा सुरू झाला की त्रिकोण मिनिटकाट्यासमोर आणायचा. काटा फिरून परत त्रिकोणाला भेटला, की एक तास. वीणा द्या, मोकळे व्हा! पाणबुडे असंच करायचे. हवा किती उरली ते त्यांना यावरून कळायचं."

"आनी चुकून फिरला तर?" बाळूने विचारलं. बाळू म्हणजे चांगोमामांचा पुतण्या. भोळा, आज्ञाधारक, सांगितलेलं सोडून दुसरं काही न करणारा.

"बाळूदादा, तीच तर गंमत! हे एकाच दिशेने फिरतं, उलटं. धक्का लागला तरी वेळ कमीच होणार, जास्त कधीच नाही. माणूस बुडायचा प्रश्नच नाही! तुम्ही फक्त काटा आणि त्रिकोण बघायचा. बाकी काही बघायचं नाही."

"बाकी कायच नाय?"

"काहीच नाही!"

हे वाक्य, मंडळी, कमळाकरला पुढे जन्मभर आठवणार होतं.

पहिले तीन दिवस घड्याळाने असा टाइम दाखवला की विचारू नका. भांडणं बंद. पहारे तासाच्या तासाला बदलताहेत. कमळाकर रोज संध्याकाळी मोबाइलशी ताळा करून किशोरीकडे बघायचा आणि भुवई उडवायचा. किशोरी म्हणायची, "सात व्हायचेत."

चौथ्या दिवशी दुपारी, महाप्रसाद आटोपून गाव आडवं झालेलं असताना, दोन वाजता चांगोमामांनी वीणा गळ्यात घेतली, त्रिकोण काट्यासमोर आणला आणि डोळे मिटून नाम सुरू केलं. चौरंगाला टेकून हौसाआत्या बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, गावात सगळ्यांच्याच आत्या. त्यांची तुळशीची माळ त्याच दुपारी तुटून मणी सतरंजीखाली पळाले होते. माळेवाचून त्यांना करमेना. हात चाळा शोधत चौरंगावर गेला आणि कड्यावर पडला.

कट्.

आत्यांनी आणखी एकदा फिरवलं. कट्. गोड आवाज! एका नामाला एक कट्. "राम कृष्ण हरि", कट्. "राम कृष्ण हरि", कट्. तुळशीच्या मण्यापेक्षा हे बरं, सुटत नाही, तुटत नाही!

तेव्हा वाजले होते दोन अठ्ठेचाळीस. मामांचा पहारा संपायला बारा मिनिटं बाकी.

तीन वाजायला आले तसा पुढचा पहारेकरी म्हणून बाळू आला. आत्यांचा जप चालू होता. जपाची माळ मध्ये तोडू नये, हे त्याला कळत होतं. तो थांबला. आत्यांनी एकशे आठ मोजले, नमस्कार केला, तेव्हा त्याने वाकून बघितलं.

अजून बारा मिनिटं होती.

बाळू बाहेर जाऊन तंबाखू मळून आला. आला तर आत्यांची दुसरी माळ. ती संपेपर्यंत तो थांबला, वाकला. बारा मिनिटं! गेला, पाणी प्याला, आला. बारा मिनिटं!

चांगोमामांचे गुडघे एव्हाना बोलायला लागले होते. तास झाला हे त्यांना गुडघ्यांवरून कळायचं, पण बोलणार कसं? पहाऱ्यावर नामाशिवाय शब्द नाही! त्यांनी एक डोळा उघडून बाळूकडे रोखला आणि नामच, पण जरा दरडावून घेतलं.

"राम! कृष्ण!! हरि!!!"

बाळू भारावला आणि पुढे होऊन पाया पडला.

मामांनी भुवयांनी वीणेकडे खूण केली, मानेने बाळूकडे, परत वीणेकडे. "राऽम कृष्ण हरि!" म्हणताना 'हरि'वर असे दात खाल्ले की दुसरा कुणी असता तर पळाला असता. बाळू मात्र बाहेर धावला. "दादांना भाव दाटलाय! मान हलतंय, डोले फिरतान!"

झालं! निजलेलं गाव उठलं. बायका फुलं घेऊन आल्या, टाळकरी टाळ घेऊन आले, पखवाजाला कणीक लागली. मामांचे पाय लटपटायला लागले, तर लोक म्हणाले, नाचतायत! ठेका वाढवला. मामा ओरडून नाम घ्यायला लागले, तर चाळीस जण त्याहून मोठ्याने. पाया पडणाऱ्यांची अशी रांग लागली की बिचाऱ्या मामांना एक पाय उचलून दुसऱ्यावर भार टाकायचीही सोय उरली नाही. आणि या सगळ्या गजरात चौरंगापाशी, शांतपणे: कट्, कट्, कट्.

साडेपाचला कमळाकर ऑफिसातून, किशोरीला घेऊन, मोटारसायकलवरून आला. आल्या आल्या मोबाइल देवळाबाहेर बघितला आणि चौरंगाशी धावला. घड्याळात पाच बत्तीस. मोबाइलमध्येही पाच बत्तीस!

"किशोरी! एका मिनिटाचा फरक नाही! चौथा दिवस!"

"अहो, बाबांकडे बघा," किशोरी म्हणाली.

मामांचा चेहरा जांभळा झाला होता आणि वीणेचा भोपळा कमरेवरून गुडघ्याच्याही खाली घसरला होता. आणखी वीतभर खाली गेला की पंचवीस वर्षं पाण्यात!

"बाळूदादा, मामा कधीपासून उभे आहेत?"

"दोनपासून."

"दोन? साडेपाच वाजले!"

"ते दिसलं मना. पण अजून बारा मिन्टं हायत."

"बारा मिनिटं कशी असतील?"

"मंगापासून बाराच हायत," बाळू शांतपणे म्हणाला. "तुमीच बोललात, बाकी काय बघू नका."

कमळाकरला कट् ऐकू आलं. त्याने खाली बघितलं. हौसाआत्या एकशे सातवर होत्या.

"आत्या! हे काय करताय?"

आत्यांनी बोट ओठांवर ठेवलं, एकशे आठवा मणी ओढला, नमस्कार केला आणि मग म्हणाल्या, "जप करतंय र. सव्वीस-सत्तावीस माला झाल्या. तुजी माल ब्येस हाय."

कमळाकरच्या डोक्यात लख्ख उजेड पडला आणि पायाखालची जमीन सरकली, दोन्ही एकदमच. कडं पूर्ण फिरायला लागतात एकशेवीस कट्. आत्या थांबत होत्या एकशे आठवर. म्हणजे कडं उलटं फिरत जवळजवळ वळसा पूर्ण करायचं आणि त्रिकोण आधीच्यापेक्षा बरोब्बर सहा मिनिटं पुढे जाऊन बसायचा. आत्यांना एका माळेला लागत होती सहाच मिनिटं. काटा सहा मिनिटं चालायचा, त्रिकोण सहा मिनिटं पळायचा! जगातल्या एकाही पाणबुड्याने आजवर समुद्राच्या तळाशी बसून माळ ओढली नव्हती, म्हणून ही खोट कुणाच्या लक्षात आली नव्हती.

"बाळूदादा, आधी वीणा घ्या! समजावतो नंतर!"

"बारा मिन्टं..."

"अहो, मी सांगतो ना!"

"त्या दिशी घड्याल सांगेल तसं करा बोललात. आज तुमी सांगाल तसं करा बोलता. एक काय ते ठरवा."

मामांनी जावयाकडे बघून असं काही "राम कृष्ण हरि" म्हटलं की त्यातला राम कमळाकरच्या काळजात घुसला. भोपळा आणखी दोन बोटं उतरला.

"अहो, तुम्हीच घ्या ना वीणा!" किशोरी ओरडली.

कमळाकरने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"घ्या ना!"

"मला... चालणार नाही."

"का?"

"दुपारी कँटीनमध्ये," कमळाकर चाळीस टाळकऱ्यांसमोर हळूच म्हणाला, "ऑम्लेट."

टाळ थांबले आणि पखवाज थांबला. किशोरीने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर दोनशे मीटर पाण्याखालीही दिसली असती.

मग त्याला सुचलं. त्याने घड्याळ उचललं, बाळूच्या नाकासमोर धरलं आणि स्वतःच कडं फिरवलं. कट् कट् कट् कट्, चोवीस वेळा. त्रिकोण सरकत सरकत काट्यापुढे येऊन थांबला.

"हां!" बाळू म्हणाला. "झाला टाइम!"

त्याने पुढे होऊन अलगद वीणा गळ्यात घेतली, तेव्हा भोपळा आणि फरशीमध्ये चार बोटांचं अंतर होतं. पंचवीस वर्षं वाचली! "पुंडलिक वरदे"चा असा गजर झाला की रस्त्यावरचे डंपर थांबले.

मामा जावयाच्या खांद्यावर कोसळले. सगळं गाव जवळ आलं. एका म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं, "दादा, काय दिसलं?"

साडेतीन तासांनंतर मामांनी नामाव्यतिरिक्त पहिला शब्द उच्चारला.

"मोरी! मोरी कुठं हाय? बाजूला व्हा!"

मोरीकडे जाताना मात्र त्यांनी कमळाकरचा कान धरून जवळ ओढला. "जावय, त्या त्रिकोनाचा गावात कुनाला बोलायचा नाय. हौसाआत्याला तर नायच, तिला लय वाईट वाटल. लोकं पाया पडतान, पडूं दे."

म्हणजे संपलंच! पुढे सातही दिवस घड्याळ सेकंदाला सेकंद बरोबर चाललं आणि ते चारचौघांत सांगायची चोरी!

किशोरीने मात्र शब्द पाळला, हे मान्य करायला हवं. शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनाचा प्रसाद खाऊन तिने स्वतःच मोबाइलशी ताळा केला. "टाइम बरोबर आहे. टेबल तुमचं. मी हात लावणार नाही."

फक्त डॉक्टरांनी चांगोमामांचे सुजलेले गुडघे बघून महिनाभर विश्रांती सांगितली आणि ती पनवेलला, लेकीच्या घरी, मागच्या खोलीत घ्यायची ठरली. खाट लागली. टेबल खाटेच्या उशाशी जेमतेम बसलं. साडेतीन तास समाधीत उभे राहिलेल्या दादांच्या दर्शनाला गावातून रिक्षा भरभरून माणसं यायला लागली, आणि येणारा रिकाम्या हाताने येत नव्हता.

रविवारी सकाळी कमळाकर पाचव्या घड्याळाचं पाकीट घेऊन खोलीत आला. टेबलावर बेचाळीस नारळ होते.

"किशोरी! हे काय? टेबल माझं म्हणालीस ना?"

"तुमचंच आहे," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "मी कुठं हात लावला? ते लोक ठेवतात."

"मग हे उचलून ठेवू कुठे?"

"ते मला नका विचारू. देवाचे नारळ आहेत, आणि तुम्ही ऑम्लेट खाल्लंय."