दाराबाहेरची खुर्ची

आबांची खुर्ची दारातून आत जाईना. आडवी केली, उभी केली, पाय पुढे घातले, पाठ पुढे घातली, सगळं करून झालं. हमालांनी शेवटी घाम पुसला, दार लहान आहे असा निकाल दिला आणि ते निघून गेले. लिफ्टवाला खुर्चीकडे बघत उभा राहिला. दिवसभर शेकडो माणसांना वरखाली नेण्याची सोय करणाऱ्या या माणसाला बापाची एक खुर्ची चार बोटांसाठी घरात घेता येत नव्हती. तशी त्या दिवशी त्याच्या मनासारखी एकही गोष्ट झाली नव्हती. त्याने खुर्ची दाराबाहेर भिंतीला पाठ लावून ठेवली आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

लिफ्टवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा. इस्पितळाची नवी इमारत उभी राहिली, कंपनीने तिथल्या सगळ्या लिफ्ट त्याच्या गळ्यात घातल्या, आणि कधी एखादी अडकली तर धावत जाता यावं म्हणून जवळच राहायला सांगितलं. जवळ म्हणजे ही वस्ती. स्वच्छ, शांत, नळाला पाणी असलेली; फक्त घरमालकापासून बेकरीवाल्यापर्यंत सगळे दुसऱ्या धर्माचे. घर ठरल्याचं कळताच नातेवाइकांनी सल्ल्यांचा भडिमार केला. त्यांतल्या एकानेही ती वस्ती पाहिलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येकाला तिथली खडान्‌खडा माहिती होती.

आबांनी मात्र सल्ला दिला नाही. त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"तिथं माझं काही बरंवाईट झालं, तर खांदा द्यायला चार माणसं मिळतील का?"

मुलाने मान खाली घातली. जुन्या आळीत आबा म्हणजे पहिला खांदा. कोणाचंही काही झालं की पहिला निरोप त्यांना यायचा, आणि हातातला घास टाकून ते निघायचे. ज्यांना त्यांनी पोचवलं ते आता उपयोगाचे नव्हते, पण त्यांची मुलंबाळं होती, आणि ती आपल्याला पोचवतील एवढ्या भरवशावर म्हाताऱ्याचं म्हातारपण शांतपणे चाललं होतं. मुलाने तो भरवसाच उचलून दुसरीकडे नेला. आबा लेकीकडे जाऊन बसले. "खुर्ची न्या, माझं मी मग बघतो," एवढंच म्हणाले. खुर्ची आली, माणूस आला नाही. आपण बापाला या वयात उपरा केला हे लिफ्टवाल्याच्या मनातून जात नव्हतं, आणि ते त्याच्या चेहऱ्यावर अगदी स्वच्छ दिसत होतं.

आता त्या वस्तीतल्या लोकांचा रिवाज असा, की घरातलं कोणी वारलं की त्याची बसायची खुर्ची दाराबाहेर ठेवायची. येणाऱ्याने खुर्चीच्या पाठीवर हात टेकवायचा, आणलेलं जेवण उंबऱ्यात ठेवायचं आणि मुकाट्याने परतायचं. दुःखातल्या घराने तोंड उघडेपर्यंत आपण एक शब्द बोलायचा नाही. हे लिफ्टवाल्याला कोणी सांगितलं नाही. आपला रिवाज जगाला माहीतच आहे, असं जो तो धरून चालतो.

सामान अजून अर्धं बांधलेलंच होतं, तेवढ्यात समोरचा बेकरीवाला आला. धिप्पाड माणूस, भुवयांपर्यंत पीठ. त्याने खुर्चीवर हात ठेवला, क्षणभर डोळे मिटले, झाकलेलं पातेलं उंबऱ्यात ठेवलं आणि गेला. त्याच्यामागून शिंपी, मग न्हावी, मग चष्मेवाला. प्रत्येकाच्या हातात काहीतरी झाकलेलं, आणि प्रत्येकाच्या तोंडाला कुलूप. लिफ्टवाला "या ना, बसा ना" म्हणायला पुढे व्हायचा, तोवर माणूस पाठमोरा झालेला असायचा. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तो रस्त्याने निघाला की दुकानांतले रेडिओ बंद व्हायचे. न्हाव्याच्या दुकानात हशा चालला असेल तर तो दारातून जाईपर्यंत थांबायचा.

"आपल्याला वाळीत टाकलंय," तो बायकोला म्हणाला.

"वाळीत टाकतात ते असे डबे देऊन?" बायको पातेल्याच्या तळाचं खरवडत म्हणाली. "अशा वाळीत मी जन्मभर राहीन. आल्यापासून मी चूल पेटवलेली नाही."

"पण कोणी बोलत का नाही?"

"तुमचा सुतकी चेहरा बघून कोण बोलेल?"

तिच्या तोंडून सत्य बाहेर पडलं होतं, पण ते दोघांनाही कळलं नाही.

वस्तीला मात्र एक गोष्ट खुपत होती. घरात माणूस गेला, आणि मयत निघायचं नाव नाही. नवा भाडेकरू रोज सकाळी इस्पितळात जातो आणि संध्याकाळी मान खाली घालून रिकामा परत येतो. म्हणजे म्हातारा अजून इस्पितळातच आहे आणि तिथले लोक काहीतरी कारण काढून त्याला देत नाहीत, हे सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं. इस्पितळं तशी असतातच, असं चष्मेवाल्याने सांगितलं आणि त्यावर कोणाचंच दुमत झालं नाही.

तिकडे आबा रोज फोनवर विचारायचे, "माणसं कशी आहेत?" आणि मुलगा रोज खोटं सांगायचा, "बोलकी आहेत." असं एकदा बोलून फोन ठेवला आणि त्याला इतकं एकटं वाटलं, की तो दाराबाहेर येऊन खुर्चीशेजारी पायरीवर बसला. समोरून बेकरीवाला पातेलं घेऊन येत होता. त्याने नेहमीप्रमाणे हात टेकवला, डोळे मिटले. लिफ्टवाल्याला राहवलं नाही.

"आबांची खुर्ची आहे," तो म्हणाला.

घराने तोंड उघडलं होतं. बेकरीवाल्याने सुटकेचा श्वास सोडला आणि पायरीवर त्याच्या शेजारी बसला.

"फार जीव दिसतो तुमचा त्यांच्यावर," तो हलक्या आवाजात म्हणाला.

"आहेच हो. इथं यायच्या आधी त्यांना एकच काळजी होती. म्हणाले, त्या वस्तीत मला खांदा द्यायला चार माणसं मिळतील का?"

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? मान खाली घातली."

बेकरीवाल्याने हातातलं पातेलं पायरीवर ठेवलं. त्याच्या गालावरच्या पिठातून एक ओली रेघ खाली आली. मग उठून त्याने लिफ्टवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मान वर करा, भाऊ. मिळतील. चौघं मिळतील, आणि मी पुढं असेन." एवढं बोलून तो गेला. जिवंत म्हाताऱ्यासाठी परका माणूस इतका हळवा होतो हे लिफ्टवाल्याला थोडं जास्तच वाटलं, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कोणी प्रेमाने बोललं होतं, तेव्हा त्याने त्यात खोट काढली नाही. आत जाऊन त्याने आबांना फोन लावला.

"आबा, खांद्यांची सोय झाली. समोरचा बेकरीवाला तयार आहे."

 "म्हणजे तू माझी तयारी करून आलास," आबा म्हणाले. "बरं केलंस. खुर्ची कुठे ठेवलीस?"

"दारातून जात नाही. बाहेर आहे."

"बाहेर? उघड्यावर?"

आबांनी फोन ठेवला. मरणाचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं, पण खुर्ची उघड्यावर आहे हे त्यांच्याने ऐकवलं नाही. खुर्ची परत आणायला ते सकाळीच निघाले आणि निघाल्याचं त्यांनी कोणाला कळवलं नाही.

बेकरीवाल्याचं घोडं वेगळ्याच ठिकाणी अडलं होतं. त्यांच्यात मयत प्रार्थनाघराच्या गाडीवरून नेतात. खांद्यावरून न्यायची पद्धतच नाही. शब्द तर देऊन बसला. आयत्या वेळी पाय अडखळला तर त्या घराचं दुःख आणि आपली अब्रू दोन्ही रस्त्यावर पडायची. दुसऱ्याच दिवशी सुट्टी होती, म्हणून सकाळी चौघे बेकरीसमोर जमले. पाव ठेवायची लांब फळी काढली, तिच्यावर मैद्याचं पोतं आडवं घातलं, आणि बेकरीवाला, शिंपी, न्हावी, चष्मेवाला असे चौघे ती खांद्यावर घेऊन गंभीर चेहऱ्याने वस्तीतून चालू लागले.

लिफ्टवाला खिडकीतून बघत होता. "दारात हातगाडी असताना ही माणसं पीठ खांद्यावरून का नेतायत?" तो म्हणाला. बायकोलाही सांगता येईना.

तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली आणि आबा उतरले. खुर्चीकडे वळणार, तोच समोरून फळी आली. आबा जागच्या जागी उभे राहिले. अशा वेळी त्यांचा हात आपोआप टोपीकडे जायचा, तो गेला. फळी वाकडीतिकडी हेलकावत जवळ आली आणि टेकवली गेली, तेव्हा त्यांनी न्हाव्याला हळूच विचारलं की हे काय चाललंय.

"या घरातले आजोबा गेले," न्हावी धापा टाकत म्हणाला. "इस्पितळवाले आज-उद्या देतील. त्यांच्यात खांद्यावरून नेतात. आम्हाला सवय नाही, म्हणून बघतोय. त्यांना तीच काळजी लागली होती म्हणे."

लिफ्टवाला धावत बाहेर आला होता. हे ऐकून तो खुलासा करायला पुढे सरसावला. आबांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात वर करून त्याला गप्प राहायला सांगितलं आणि मग फळीकडे, पोत्याकडे, त्या चौघांच्या घामेजल्या मानांकडे बराच वेळ बघत राहिले.

"उंच माणसं मागे घ्या," ते शेवटी म्हणाले. "आणि पाय जुळवून टाका. सगळ्यांनी डावा एकदम. असे चाललात तर म्हातारा वाटेतच खाली येईल."

अनुभवी माणूस भेटल्यावर चौघांना धीर आला. आबा पुढे चालू लागले. शिंप्याला त्यांनी मान ताठ ठेवायला लावली, खांदा कधी बदलायचा ते चष्मेवाल्याला करून दाखवलं, वळणावर आतल्या माणसाने पाऊल लहान टाकायचं असतं हे सांगितलं. बेकरीवाला पुढची जागा सोडायला तयार होईना. आपण पुढे असू असा शब्द दिलाय म्हणाला. आबांनी त्याचं ऐकलं. दुसऱ्या फेरीला पोतं असं स्थिर गेलं, की दारात उभ्या असलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले.

"तुम्ही त्यांचे कोण?" बेकरीवाल्याने चालता चालता आदराने विचारलं.

"मीच तो," आबा म्हणाले.

चौघे एकदम थांबले, पण पोतं थांबलं नाही. ते पुढे घसरलं, दगडावर आपटून फुटलं आणि सगळा मैदा उडाला. धुरळा खाली बसला तेव्हा रस्त्यात पाच पांढरीफटक माणसं उभी होती, आणि त्यांतला मेलेला कोणता हे कोणालाही सांगता आलं नसतं.

मग सगळा उलगडा झाला. दार, खुर्ची, इस्पितळ, लिफ्ट. लिफ्टवाला माफी मागत सुटला, बायको धुऊन ठेवलेली पातेली एकेक बाहेर आणून ज्याची त्याला द्यायला लागली. माणूस जिवंत निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण चौघांचे चेहरे पडले होते.

"आम्ही रात्री झोपलो नाही," शिंपी हताशपणे म्हणाला. "आता कुठे पाय जुळले होते. सगळी तयारी वाया गेली."

"वाया कशाला जाईल?" आबा म्हणाले आणि मैदा झटकून खुर्चीत बसले. "मी आहे की इथंच."

आबा राहिले. खुर्ची मात्र दाराबाहेरच राहिली, कारण दार काही मोठं झालं नाही. आबा झोपायला किंवा जेवायला आत गेले की रिकामी खुर्ची बघून येणाऱ्याजाणाऱ्याच्या काळजात धस्स व्हायचं. एकदा तर नव्या पाववाल्याने हात टेकवून डोळेही मिटले. तेव्हापासून आबा उठताना टोपी खुर्चीवर ठेवायला लागले. खुर्चीवर टोपी असली की म्हातारा आहे, एवढं वस्तीने समजून घेतलं. संध्याकाळी चौघे तिथेच जमायचे. आबा कोणाकोणाला कसं पोचवलं त्या हकिकती सांगायचे आणि चौघे त्या मन लावून ऐकायचे.

थंडी पडली आणि एका सकाळी समोर बेकरीच्या दाराबाहेर एक खुर्ची दिसली. आबांना आधी वाटलं, ऊन खायला ठेवली असेल. मग त्यांनी तिच्यावरचं पीठ पाहिलं. ते उठले, रस्ता ओलांडून गेले, पाठीवर हात टेकवला आणि डोळे मिटले. ते बराच वेळ उघडले नाहीत. लिफ्टवाल्याने बापाला आईच्या वेळीही असं रडताना पाहिलं नव्हतं.

प्रार्थनाघराची गाडी आली, पण बेकरीवाल्याच्या बायकोने ती परत पाठवली. "गाडीवरून पोती जातात, मी खांद्यावरून जाणार, असं सांगून ठेवलंय त्यांनी," ती म्हणाली. धर्मगुरू विचारात पडले. शेवटी, तसं करू नये असंही कुठे म्हटलेलं नाही, असं म्हणून ते बाजूला झाले. पण खांदेकरी आता तिघेच उरले होते.

"पुढची जागा माझी," आबा म्हणाले.

आबा बेकरीवाल्यापेक्षा वीतभर बुटके. शिंप्याने उभ्या उभ्या कापसाची जाड गादी शिवून त्यांच्या खांद्यावर बांधली. डावे पाय एकदम पडले, वळणावर आतल्या माणसाने पाऊल लहान टाकलं, आणि बेकरीवाला साऱ्या वस्तीतून जराही न हलता गेला. लिफ्टवाला मागून चालत होता. आबांना वाटेत कोणी तरी खांदा बदला म्हणालं, पण त्यांनी ऐकलं नाही.

त्या संध्याकाळी आबा खुर्चीत बसले होते, मांडीवर ती गादी. तिघे भोवती उभे होते. "मुलाने तर पुढे मडकं धरायचं. मग तुमच्यासाठी चौथा कोण?" न्हाव्याने विचारलं. विचारायची वेळ नव्हती, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं.

 तेवढ्यात रस्ता ओलांडून बेकरीवाल्याची बायको आली. रडून तिचे डोळे सुजले होते.

"मी आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं पोती मीच उचलत आले. ते नुसतं कुठे ठेवायचं ते सांगायचे."

आबांनी गादी तिच्या हातात दिली. मग टोपी काढून खुर्चीवर ठेवली आणि सूनबाईला जेवण वाढायला सांगून ते आत गेले.