हेरंबपंतांच्या सातव्या लिंबूस्वारीची हकीकत

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवोन, गिरगाव प्रांती मोघे चाळीत साठीपुढील पुरुषांची लिंबू-चमच्याची मोहीम कैसी जाहली, ते वर्तमान जैसे घडले तैसे लिहिले आहे. वाचणारांनी हसू आवरोन वाचावे.

राजश्री हेरंबपंत, विमा कचेरीतील निवृत्त हेडक्लार्क, मोठे खटपटी पुरुष. परंतु गणेशोत्सवाच्या शर्यतीत दाती चमचा धरोन निघावे आणि तिसरे पाऊल टाकिताच लिंबू भुईवर यावे, ऐसा सहा सालांचा परिपाठ पडिला होता. सातव्या साली पंतांनी निर्वाणीची प्रतिज्ञा केली की, यंदा लिंबू पडिले तर पुन्हा यादीत नाव घालणे नाही, गॅलरीतून टाळ्या वाजवीत बसणे. हे ऐकोन त्यांचे कुटुंब सरोजिनीबाई यांस फार वाईट वाटले, कां की टाळ्या वाजविणारे म्हातारे चाळीत पुष्कळ होते आणि अंगणात उतरणारा त्यांच्या मजल्यावर हा एकच उरला होता.

मग दुसऱ्या मजल्यावरील राजेशसाहेब, जे लोअर परळच्या काचेच्या कचेऱ्यांतून तमाम नोकरवर्गास आत्मविश्वासाची तालीम देत, त्यांजकडे मसलतीस जाणे जाहले. साहेबांनी फर्मान काढिले की, चाळीस दिवस खऱ्या लिंबास हात लावू नये. रोज सकाळी आरशापुढे 'मी जिंकलो' ऐसे एकवीस वेळा म्हणावे, आणि मग डोळे मिटोन, लिंबू अंगणातील नळापावेतो सुखरूप पोहोचलेले मनी पाहावे. पंतांनी फर्मान शिरी धरिले. फ्रीजवर, कपाटावर, चहासाखरेच्या डब्यांवर विजयाच्या चिठ्ठ्या लागल्या, आणि बाईंस साखर काढिताना दर वेळी जिंकावे लागले.

शर्यतीचे दिवशी अंगणात गलबला बहुत. माझगाव गोदीतील निवृत्त क्रेनचालक सीतारामबुवा, चार सालांचे अजिंक्य, पंतांचे शेजारी उभे राहिले आणि, पंत तिसऱ्या पावलास बाद होणार, ऐसी पक्की खातरजमा बाळगोन निश्चिंत होते. शिटी वाजली. पंतांनी एक पाऊल टाकिले आणि दुसरे टाकिले आणि तिसरे टाकिले, आणि लिंबू जागचे हलेना. मग चौथेही टाकिले. हा अघटित प्रकार काय, म्हणोन सीतारामबुवांनी मान वळविली, आणि तत्क्षणी त्यांचे लिंबू गडगडत मांडवाखाली दाखल जाहले. बाकीचे चौघे या दोघांकडे पाहता पाहता गारद जाहले. पंत एकटेच, भाजी आणावयास निघाल्यासारखे, नळापाशी पोहोचले. तमाम गॅलऱ्यांतून फत्तेचा गजर जाहला आणि राजेशसाहेबांनी तेथल्या तेथे पंतांचे छायाचित्र काढोन आपल्या तालमीचे जाहिरातीत झळकविले.

घरी आल्यावर बाईंनी पाणी दिले आणि पुसिले की, चाळीस दिवस डोळे मिटोन काय दिसत होते.

पंत हळूच म्हणाले, "अगं, रोज पडायचंच ते. मनातसुद्धा तिसऱ्या पावलालाच पडायचं. इतक्यांदा पडताना बघितलं, की आज त्याची भीतीच वाटली नाही."

बाईंस हसूही आले आणि गहिवरही आला. मग हुकूम जाहला, "हे राजेशला सांगू नका हं. त्याचा आत्मविश्वास जाईल."

हुकूम मानोन पंतांनी तोंडास कुलूप घातले. सबब, सदरहू मोहीम आत्मविश्वासाचे बळे फत्ते जाहली, ऐसी चाळीचे दप्तरी नोंद असे.