गोलात उभा केलेला कोहळा

मुलांनो, आधी कुजबुज थांबवा. एका जंगलात फुटबॉलचं भारी वेड होतं. चेंडू म्हणून कवठ घेत. ते डोक्यात बसलं की खेळाडू दोन दिवस स्वतःचं नाव विसरे. पण वेड ते वेड.

तिथल्या तळेकाठ संघात दहा बगळे होते आणि गोलात गुणाजी अस्वल. गुणाजीला दुसरं काही धड येत नसे. मध काढायला गेला की फांदी मोडून खाली यायचा. पण गोलात उभा राहिला की कवठ आत जात नसे. जगात आपली जागा ही एवढीच, असं त्याला वाटे, आणि तो तिथे फार सुखी होता.

संघ जिंकला की काठावरचे बगळे म्हणत, "आमचा गुणाजी."

आता त्या जंगलात एक रीत होती. कोणाला वाईटसाईट बोलायचं असेल, तर तोंडापुढे सागाचं पान धरायचं. पानाला डोळ्यांपुरती दोन भोकं. चोच वीतभर बाहेर यायची, आवाजही ओळखीचा असायचा. पण पान धरलेल्याला ओळखायचं नाही, असा नियम होता. मोठं सभ्य जंगल होतं ते.

अंतिम सामन्यात गुणाजीच्या पंजातून एक कवठ सुटलं. एकच. संघ हरला. तासाभरात सागांना औषधाला पान उरलं नाही.

"काळा तो काळाच."

"याचे आजोबा पलीकडच्या डोंगरातून आले होते. धाडा परत."

"मी पहिल्यापासून सांगत होतो," एक पान म्हणालं. ते पहिल्यापासून गप्प होतं.

सर्वांत मोठा आवाज धवलराव बगळ्यांचा. हे समर्थक मंडळाचे अध्यक्ष. सकाळीच त्यांनी नातवासाठी गुणाजीच्या पंजाचा ठसा मागून नेला होता, सागाच्या पानावर. घाईत तेच पान हाती लागलं. गुणाजीला समोर स्वतःचा पंजा दिसला, त्यात दोन भोकं पाडलेली. नियम म्हणून त्याने ओळख दाखवली नाही. घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. इथे हसायचं नाही, मुलांनो.

मंडळाने ठरवलं, यापुढे गोलात शंभर टक्के पांढराच. बगळे पुढे आले, पण सगळ्यांचे पाय काळे निघाले. "चिखल आहे तो," ते म्हणाले. धुतले तरी गेला नाही. शेवटी एक पिकलेला कोहळा मिळाला. अंगभर पांढरा, शिवाय इथल्याच मातीतला. त्याला गोलात ठेवलं.

सत्तावीस गोल झाले. कोहळा मात्र शेवटपर्यंत डगमगला नाही, असं त्याचं कौतुक झालं.

मग सवयीने सगळ्यांनी पानं उचलली आणि अडकले. बोलायचं कोणाला? कोहळ्याला काळा म्हणता येईना. पानं तशीच धरून सगळे घरी गेले. दोन दिवस कोणाला अन्न पचलं नाही.

तिसऱ्या दिवशी धवलराव गुणाजीच्या गुहेपाशी आले.

"गुणाजीभाऊ, संघात परत या."

गुणाजी ताडकन उठला. "गोल अडवायला?"

"ते जमलं तर बघा. पण तुम्ही नसलात की हरल्यावर बोलायचं कोणाला?"

गुणाजी हळूच खाली बसला. "येतो. पण बोलायचं ते पान न धरता."

"असं कसं? मग आम्हाला नीट बोलावं लागेल."

"बरं, मग माझा ठसा तरी परत द्या."

"तो नातवाने जिवापाड जपलाय हो."

"भोकं मोठी पाडलीत तुम्ही, धवलराव," गुणाजी म्हणाला.

धवलरावांना एकदम दुसरं काम आठवलं.

गुणाजी पलीकडच्या डोंगरात गेला. तिथल्या संघाने त्याला लगेच घेतलं. पहिल्याच दिवशी प्रेक्षक म्हणाले, "आमचा गुणाजी." त्याने मागे वळून मैदानाभोवती पाहिलं. सागाची झाडं तिथेही होती.

तात्पर्य: संघात एक तरी वेगळ्या रंगाचा खेळाडू ठेवावा. जिंकल्यावर तो आपला असतो आणि हरल्यावर फार उपयोगी पडतो. फक्त त्याचा ठसा घ्यायचा, तर वेगळ्या पानावर घ्यावा.