कॉम्प्युटरचं दावं

कारकुनानं काही वाक्यं मोठ्यानं बोलू नयेत. "साहेब, आज मला काही काम नाही" हे त्यातलं पहिलं. "या कॉम्प्युटरचं काहीतरी केलं पाहिजे" हे दुसरं. पहिलं वाक्य मी उभ्या नोकरीत कधी बोललो नाही. दुसरं मात्र एका रविवारी सकाळी, दाढीचा साबण गालाला फासलेला असताना, तोंडातून निसटलं.

झालं होतं एवढंच, की बटण दाबून मी चहाला गेलो होतो. चहा झाला, पेपर झाला, शेजाऱ्यांच्या पेपरची पुरवणी मागून आणून वाचून झाली. दाढीला बसलो आणि सहज डोकावलो, तर पडद्यावर ते गोल चक्र अजून फिरतच होतं.

हा कॉम्प्युटर आम्ही समृद्धीच्या जन्माच्या वर्षी घेतला. समृद्धी म्हणजे आमची मुलगी. ती आता अकरावीला आहे आणि बापाच्या इंग्रजीतल्या चुका पाहुण्यांसमोर काढते. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, ऑफिसात कितीतरी साहेब बदलले, माझे केस गेले. कॉम्प्युटर तोच राहिला. आणि तो तसाच राहावा अशी माझी मनापासून इच्छा होती, कारण त्याच्या संथपणावर माझं सगळं सुख उभं होतं.

सांगतो. मी आवक-जावक विभागातला कारकून. दिवसभर लोक माझ्या टेबलापुढं उभे असतात. घरी आलो की घर उभं राहतं. दळण आणा, गॅसचा नंबर लावा, आईच्या गुडघ्याला तेल चोळा, नळाला पाणी आलं का बघा. यावर मला कॉम्प्युटरनं उपाय दिला. घेतला त्याच वर्षी मी घरात जाहीर करून टाकलं, की कॉम्प्युटर चालू झाल्यावर माणूस मधेच उठला तर आतलं सगळं बिघडतं. घरानं ते ऐकलं. तेव्हापासून संध्याकाळी मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलो, की आई टीव्हीचा आवाज कमी करते आणि माझी बायको दैवशाला दारात आलेल्याला सांगते, "हळू बोला, ते कॉम्प्युटरवर बसलेत."

(मी तिथं काय करायचो? पत्त्यांचा तो एकट्यानं खेळायचा खेळ खेळायचो. बहुतेक हरायचो. पण शांततेत हरण्यातही एक गोडी असते.)

तर, ते वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि घरात एकदम तीन पक्ष उभे राहिले.

"नवा घ्या पप्पा," समृद्धी म्हणाली. "कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. यावर फाइल उघडेपर्यंत माझं लग्न होईल."

"नवा कशाला?" दैवशाला आतून म्हणाली. "दुरुस्त करून आणा. पंखा नव्हता का बंद पडला? बसवलाच की कंडेन्सर. फिरतोय न्हवं?"

दोन्ही बाजूंनी माझ्यावर नजरा लागल्या. अशा वेळी ऑफिसात आम्ही फाइलीवर कुणालाच नीट कळणार नाही असा एक शब्द लिहितो आणि ती पुढच्या टेबलावर सरकवतो. मी साबण पुसत गंभीरपणे म्हणालो, "मला वाटतं, अपग्रेड करावा."

"म्हंजी?" आईनं विचारलं.

"ते बघावं लागतं," मी म्हणालो. ही सहा महिन्यांची निश्चिंती झाली, असं मला वाटलं.

दैवशालानं माझ्या हातात स्कूटरची किल्ली ठेवली.

बसस्टँडच्या मागं महारुद्रचं दुरुस्तीचं दुकान आहे. मी कॉम्प्युटरचा डबा टेबलावर ठेवला आणि आजूबाजूला कुणी नाही असं पाहून हळूच म्हणालो, "दुरुस्त करा, पण फार नको."

"म्हणजे कसं सर?"

"म्हणजे चालला पाहिजे. पळायला नको."

महारुद्रनं माझ्याकडं पाहिलं, मग डब्याकडं पाहिलं, आणि दोघांत जास्त बिघडलेलं कोण याचा अंदाज घेतला. मग त्यानं ड्रॉवरमधून बिस्किटाएवढी एक चपटी डिस्क काढली. "नुसती बसवून दाखवतो. आवडली तर ठेवा, न्हाय तर काढून घेतो."

त्यानं ती बसवली, काय काय भरलं, आणि बटण दाबलं. मी सवयीनं चष्मा काढून पुसायला घेतला. चष्मा डोळ्यावर चढायच्या आत कॉम्प्युटर सुरू होऊन माझी वाट बघत बसला होता! मला घाम फुटला. उद्या हे घरी गेलं तर बटण दाबल्या दाबल्या गॅसचा नंबर लागणार, लाइटबिल भरलं जाणार, आणि रिकामा झालेला मी दळणाला जाणार. पंधरा-सोळा वर्षांचं वैभव त्या बिस्किटानं एका घासात खाल्लं असतं.

"काढा ती," मी म्हणालो. "जुनीच बसवा."

"सर, मशीन पळायलंय की!"

"म्हणूनच."

घरी येऊन मी स्कूटर लावली, डबा उतरवला आणि चेहरा पाडून जाहीर केलं, "महारुद्र म्हणतो, दुरुस्त होत नाही. अपग्रेडही होत नाही. फार जुना झालाय." माझा हिशेब सरळ होता. ऑफिसात एखाद्या फाइलवर दोन टेबलांचा नकार पडला की ती फाइल कायमची झोपते.

"मग सुटलंच की कोडं," दैवशाला म्हणाली. "नवा घ्यायचा."

समृद्धीनं उडी मारून तिच्या गळ्यात हात टाकले. बघा आता! तीन वाटा होत्या, त्यातल्या दोन मी स्वतः जाऊन बुजवून आलो होतो.

शेवटचा उपाय म्हणून मी परंड्याला बिभीषणमामांना फोन केला. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. धंद्यानं हेडी. जनावरांच्या बाजारात विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभा राहून सौदा जमवून देणारा. पण नातेवाइकांत त्यांची ख्याती उलटी आहे. आमचा प्लॉट, आमचा फ्रिज, माझी मोटारसायकल, काहीही घ्यायचं ठरलं की मामा येतात, "बाजार उतराय लागलाय, थांबा जरा" म्हणतात, आणि आम्ही थांबतो. प्लॉटसाठी तर अजून थांबलोय.

मामा दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आले. खांद्यावरचं उपरणं सावरत ते थेट कोपऱ्यात गेले आणि कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारली.

"किती वर्साचा?"

"समृद्धीएवढा."

"म्हंजी दाती जुळलाय, पुरा वयात आलाय." त्यांनी कीबोर्ड उचलून उजेडात धरला. "ह्यातले दोन पडल्यात." मग डब्याच्या कुशीवर एक थाप मारली. आतला पंखा घुरघुरला. "दम लागलाय. पर खोड कायबी न्हाय. मारतो का?"

"मधेमधे शॉक देतो," समृद्धी म्हणाली.

"त्ये चालायचंच. जित्या जनावराला तेवढी रग पायजेच."

माझा जीव भांड्यात पडला. "मग मामा, हे काही विकायचं जनावर नाही ना? तुम्हीच सांगा यांना."

"घाई करायचीच न्हाय," मामा म्हणाले आणि मांडी घालून बसले. मी विजयी मुद्रेनं दैवशालाकडं पाहिलं. सगळं इथंच संपायचं. पण समृद्धीनं मामांसमोर मोबाइल धरला.

"आजोबा, त्या मोठ्या दुकानात 'जुना द्या, नवा न्या' चाललंय. जुन्याचा भाव ते बघून ठरवतात."

"बघून ठरीवत्यात?" मामा उभे राहिले. "कोण ठरीवतंय? चला बरं."

माझं चुकलं होतं. हेडी माणूस घेणं मोडू शकतो, पण समोर सौदा दिसला की त्याच्या हाताला खाज सुटते. पंधरा मिनिटांत रिक्षा दारात आली. आईनं कॉम्प्युटरला हळदी-कुंकू लावलं, त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, आणि पदर डोळ्याला लावला. मी डबा मांडीवर घेऊन बसलो. खरं सांगतो, मला भरून आलं होतं.

दुकानाचे मालक गौरीशंकरशेठ, पांढऱ्या शर्टातले, एसीत बसणारे. त्यांनी डब्यावरचं कुंकू पाहिलं आणि नुसतं "अरे बापरे" म्हणाले.

"कष्टाचं जनावर हाय," मामांनी सुरुवात केली. "माज्या भाच्यानं रोज सांजच्याला जुंपलाय. एक दीस खाडा न्हाय. काय रं रामकिसन?"

"हो," मी म्हणालो. (यात खोटं काहीच नव्हतं.)

"पण आजोबा, याचं आता काहीच..." शेठ म्हणू लागले.

"थांबा. असं चारचौघांत भाव बोलू न्हाई." मामांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, काउंटरवर पसरलं, आणि त्याखाली शेठचा हात गच्च पकडला. बाजारात भाव असाच ठरतो. कपड्याखाली बोटं दाबायची, तोंडानं आकडा काढायचा नाही, बाजूच्याला काही कळता कामा नये. हे मला ठाऊक होतं. शेठना ठाऊक नव्हतं.

"अहो, काय करायलात?" शेठ ओरडले.

"पटलं तर मान हलवा," मामा म्हणाले आणि दोन बोटं दाबली.

शेठनी हात ओढून पाहिला. खिल्लार बैलांना धरणारी ती मूठ, शेठ हात ओढून ओढून किती ओढणार? दुकानातली गिऱ्हाइकं जमली. एका बाईनं मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं. मामा शांतपणे आणखी एक बोट दाबत होते.

"हो! हो! पटलं!" शेठ जोरजोरात मान हलवत म्हणाले. "जे काय आहे ते पटलं, हात सोडा!"

सौदा झाला. भाव काय ठरला ते अखेरपर्यंत शेठना कळलं नाही, मामांनीच त्यांना नंतर समजावून सांगितलं. समृद्धीचा लॅपटॉप पिशवीत आला. मी आशेनं विचारलं, "मामा, बाजार उतरायला लागलाय म्हणता ना तुम्ही?" मामांनी माझ्याकडं अडाण्याकडं पाहावं तसं पाहिलं. "घेताना उतरतोय. इकताना चढलेलाच आसतोय."

निघताना त्यांनी डब्याच्या मागं हात घातला आणि विजेची वायर उपसून गुंडाळायला घेतली.

"अहो, वायर राहू द्या की," शेठ म्हणाले. "वायरीशिवाय चालणार कसा तो?"

"जनावर दिलं, गळ्यातलं दावं देत न्हाईत," मामा म्हणाले. "दावं दिलं की दावण ओस पडती. लक्ष्मी जाती घरातली."

शेठनी आपला दुखरा हात पाहिला आणि वाद घातला नाही.

दुकानातून मी उशिरानं ऑफिस गाठलं आणि संध्याकाळी घरी आलो. मामा दुपारच्या गाडीनं परतले होते. समृद्धी तिच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली होती. कोपऱ्यात टेबल होतं, खुर्ची होती आणि भिंतीच्या खुंटीला हळदी-कुंकू लावलेली वायर टांगलेली होती. मी उभा राहिलो. इतक्या वर्षांत संध्याकाळी कुठं बसायचं हा प्रश्न मला पडलाच नव्हता. शेवटी दळणाचा डबा उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारात गेलो.

"आज भाजीत मीठ..." मी सहज म्हणालो. "आणि गॅस जरा मोठा नाही का झाला? कांदा आधी घालतात ना?"

दैवशालानं उलथनं खाली ठेवलं, माझ्या हातातला डबा घेतला, दंडाला धरून मला कोपऱ्यात आणलं आणि खुर्चीत बसवलं.

"बसा."

"कशापुढं बसू? कॉम्प्युटर कुठंय?"

"न्हाय तर न्हाय. नेहमीसारखं बसा की."

"अगं, नेहमी मी काम करायचो."

"पत्ते खेळायचात," ती म्हणाली. "लाल बदामाची राणी सापडली न्हाय की केवढा सुस्कारा टाकायचात, पार चुलीपर्यंत ऐकू यायचा."

मी आईकडं पाहिलं. आई गुडघ्याला स्वतःच तेल चोळत होती. "आमाला ठावं हुतं की रं," ती मायेनं म्हणाली. "तू तितं बसलास की घर कसं गप आसतंय. म्हणून तर म्या टीव्ही बारीक करायची. मोठ्या आवाजानं उठून आलास म्हंजी?"

म्हणजे इतकी वर्षं मी घराला फसवत होतो, आणि घर मला त्या कोपऱ्यात सांभाळत होतं. दैवशाला दुरुस्तीचा आग्रह का धरत होती, तेही आत्ता उमगलं. मला राग यायला हवा होता. पण खुर्ची मऊ होती, समोर चहा आला होता, आणि दळणाचा डबा दैवशालानं समृद्धीच्या हातात दिला होता.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारचे आले होते, माझ्याकडून पेपरची पुरवणी परत न्यायला.

"हळू बोला," दैवशाला दारातून म्हणाली. "ते कॉम्प्युटरवर बसलेत."

मी घाईघाईनं चष्मा लावला.